गाज बंद करू नका, अल्बम गाजेच्या पातळीवर आणा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वेंगुर्ल्याजवळ समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर, दिवसभर लॅपटॉपवर काम, आणि रात्री मित्राच्या सांगण्यावरून इंग्लिश संगीतकार ब्रायन ईनोचा ‘ऑन लँड’ हा अल्बम लावला. पाऊण तास ऐकून वाटलं, यात काही घडतच नाही. त्यात गाज आणि रातकिडे यांच्यामुळे निम्मा अल्बम कानापर्यंत पोचलाच नाही. आता बाहेरचा आवाज कापणारे महागडे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यावेत का, आणि असलं संगीत ऐकायचं तरी कसं?

हेडफोन घेऊ नका. निदान या अल्बमसाठी तरी नकोच. मी ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात बरीच वर्षं आहे, किनाऱ्यावरच्या घरांत आणि देवळांत माइक लावून पुष्कळ काम केलंय, आणि माझं ठाम मत आहे की ‘ऑन लँड’ ऐकायला कोकणातल्या पडवीसारखी जागा नाही. तुम्ही ज्याला अडथळा समजताय, ते या अल्बमचं निम्मं अंग आहे. ते का, हे कळायला तो कसा झाला ते आधी बघू.

ईनोने ‘ॲम्बियंट’ (भोवतालाचं संगीत) या नावाने चार अल्बमांची मालिका काढली. पहिला विमानतळासाठीचा, १९७८ सालचा, आणि ‘ऑन लँड’ हा चौथा, १९८२चा. पहिल्या अल्बमच्या टिपणात त्याने म्हटलं होतं की हे संगीत दुर्लक्ष केलं तरी चालावं आणि लक्ष दिलं तरी मन रमावं अशा बेताचं असायला हवं. चौथ्यापर्यंत तो बराच पुढे गेला होता. मधल्या काळात तो घानाला गेला होता. लोकसंगीत आणि बोली टिपायला म्हणून स्टिरिओ माइक आणि कॅसेट रेकॉर्डर बरोबर नेला होता. पण संध्याकाळी तो बाहेर बसायचा, आजूबाजूचे जास्तीत जास्त आवाज येतील असा माइक ठेवायचा आणि हेडफोनवर तेच ऐकत राहायचा. जवळचे, लांबचे, ओळखीचे, अनोळखी आवाज कानात एका चौकटीत आले की त्यांचंच संगीत होतं, हे त्याला तिथे उमगलं.

मग ‘ऑन लँड’मध्ये त्याने तसंच रचलं. सिंथेसायझरचा आवाज त्याला आकृतीसारखा आखीव वाटू लागला होता, म्हणून तो साखळीचे तुकडे, काठ्या, दगड असल्या गोष्टींकडे वळला. कावळ्याच्या जातीचे पक्षी, बेडूक, किडे यांची ध्वनिमुद्रणं घातली. स्वतःच्या जुन्या कामांचे तुकडेही खतासारखे मिसळून टाकले. आठ तुकडे आहेत आणि बहुतेकांच्या मागे एखादी जागा आहे. त्याचं बालपण इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सफक परगण्यात गेलं, त्यामुळे दलदल, रान, किनारा हे सगळं त्यात येतं. ‘लँटर्न मार्श’ ही दलदल त्याच्या गावापासून काही मैलांवर, पण तुकडा तिथे गेल्याच्या आठवणीवर बेतलेला नाही. नकाशावर नाव वाचलं आणि तिथे काय असेल याची कल्पना केली, त्यातून तो तुकडा झाला. ‘लीक्स हिल्स’ हे त्याच्या गावाशेजारचं रान, पूर्वी मोठं होतं, नंतर फारसं उरलं नाही. आपल्याकडे देवराईची हद्द आक्रसत जाताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो तुकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आणि शेवटचा ‘डनिच बीच’. डनिच हे एके काळचं भरभराटीचं बंदर, वादळांनी आणि धूप होऊन शतकानुशतकं समुद्रात जात राहिलं. आज तिथे एक लहानसं खेडं उरलंय. हा सगळा अल्बम किनाऱ्याकाठच्या माणसाचा आहे, हे लक्षात ठेवून पुन्हा लावा.

आता गाजेचं बघू. गाज म्हणजे एकच एक आवाज नव्हे. लाट फुटतानाचा खालचा घुमारा, वाळूवरून पाणी परततानाची सळसळ, आणि या दोन्हींच्या मागे सतत चालू असणारी लांबवरची घरघर. म्हणजे खालपासून वरपर्यंत सगळी पट्टी ती थोडी थोडी व्यापते. ‘ऑन लँड’मधले हलके आवाज तिच्याखाली दबतात ही तुमची तक्रार खरी आहे. पण नॉइज कॅन्सलिंगची यंत्रणा मुख्यतः खालच्या पट्टीतले, सलग चालणारे आवाज कापते. ती चालू केली की गाजेचा घुमारा जातो आणि रातकिडे मात्र राहतात, कारण त्यांचा आवाज फार वरच्या पट्टीत असतो. गाजेचं पांघरूण गेल्यामुळे ते आधीपेक्षा जास्तच टोचायला लागतात. तुम्ही पैसे खर्च करून समुद्र घालवाल आणि रातकिडे घरात घ्याल.

त्याऐवजी असं करा. दिवे मालवा, पंखा बंद करा, फ्रिज त्याच खोलीत असेल तर दुसऱ्या खोलीत बसा. पाचेक मिनिटं काहीच लावू नका. दिवसभर कॉलवर बोलून कान बोथट झालेले असतात, त्यांना खाली उतरायला वेळ लागतो. हळूहळू गाजेच्या पलीकडचंही ऐकू यायला लागेल: माडाच्या झावळ्या एकमेकींवर घासतात तो कोरडा आवाज, लांब कुठेतरी पंप, शेजारच्या वाडीतला कुत्रा. तिथे पोचलात की अल्बम लावा आणि आवाज शून्यापासून वाढवत न्या. पहिल्या तुकड्यातला सर्वांत हलका भाग गाजेतून जेमतेम डोकं वर काढेल तिथे थांबा. पुन्हा बटणाला हात लावायचा नाही. मधे एखादा आवाज गाजेत बुडेल आणि परत वर येईल. येऊ द्या. थोड्या वेळाने असा क्षण येतो की बेडूक अल्बममधला की तुमच्या विहिरीजवळचा हे सांगता येत नाही. मी तर म्हणेन, तो आला की समजा तुमचा आवाज बरोबर लागलाय.

या पातळीवर एक अडचण येते. आपला कान कमी आवाजात खालचे स्वर फार कमी ऐकतो, त्यामुळे मंद्रातला सगळा भाग गायब झाल्यासारखा वाटतो. जुन्या ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचं बटण असायचं ते याचसाठी. तुमच्याकडे ते नसेल तर बास थोडा, अगदी थोडाच, वाढवा. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र हा अल्बम ऐकूच नका. त्याचा पाया खालच्या पट्टीत आहे आणि मोबाइल ती पट्टी वाजवतच नाही. काही घडत नाही असं वाटण्याचं ते एक कारण असू शकतं.

वेळ निवडा, आणि ती निवडायला तुमच्या घरातल्या जुन्या माणसांना विचारा. तिथीच्या पाऊणपट वाजता भरती, हा हिशोब किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असतो. अष्टमीला साधारण ६ला भरती, म्हणजे रात्री १२च्या सुमाराला ओहोटी, आणि त्या दिवसांत भांगाचं पाणी असल्याने समुद्राला जोरही कमी. पौर्णिमा-अमावास्येला याच्या उलट, रात्री ११-१२ला उधाणाची भरती आणि गाज थेट उंबऱ्याशी. हिशोब जागेप्रमाणे थोडा मागेपुढे होतो, पण ऐकायची रात्र ठरवायला पुरेसा आहे. वाऱ्याचा फरक तर त्याहून मोठा. थंडीत रात्री मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि गाज बरोबर घेऊन जातो. मार्गशीर्ष-पौषातली अष्टमीची रात्र, पडवीत बसून ‘ऑन लँड’: याहून चांगली जुळणी मला माहीत नाही.

पडवी म्हणतोय ते उगाच नाही. नव्या स्लॅबच्या घरातल्या हॉलमध्ये चारी बाजूंनी गुळगुळीत गिलावा आणि खाली टाइल्स असतात. टाळी वाजवून बघा, आवाज भिंतींमध्ये थरथरत राहतो. अल्बममध्ये आधीच केवढा तरी घुमारा, म्हणजे रेंगाळणारा प्रतिध्वनी, भरलेला आहे, त्यावर खोलीचा स्वतःचा घुमारा चढला की सगळं गढूळ होतं. चिऱ्याच्या भिंतींचं आणि कौलारू छपराचं जुनं घर या बाबतीत फार चांगलं. आवाज कौलांच्या फटींतून वर निघून जातो, बास कोपऱ्यांत साचत नाही. पडवीत तर एक बाजू उघडीच. हॉलशिवाय पर्याय नसेल तर खाली सतरंजी अंथरा, समोरच्या भिंतीवर गोधडी टाका आणि स्पीकर भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढा.

आता ‘काही घडत नाही’ याकडे येतो, कारण खरी गाठ तिथेच आहे. तुम्ही चालीची वाट बघत होता. मुखडा येईल, अंतरा येईल, ठेका बदलेल. ते इथे येणार नाही, पण घडत मात्र सतत असतं. कुठे कान ठेवायचा ते कळण्यासाठी मी लोकांना आधी तानपुरा ऐकायला सांगतो. मोबाइलवरचा चालेल, मिरजेचा खरा मिळाला तर उत्तमच. दहा मिनिटं नुसता तानपुरा. चार तारा: पंचम, दोन जोडीचे षड्ज, आणि खर्ज. तारा नीट लागल्या असतील आणि जवारी (घोडीवरून तारेला मिळणारा झंकार) उघडी असेल, तर खर्ज छेडल्यानंतर हळूहळू एक गांधार वर येतो. गांधाराची तार तिथे नाहीच. खर्जाच्या तारेतच पाचव्या पटीचं कंपन असतं, तेच दोन सप्तकं वर गांधार म्हणून ऐकू येतं. गाणारे त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो पहिल्यांदा सापडायला वेळ लागतो, पण एकदा सापडला की कान प्रत्येक आवर्तनात त्याच्याकडे जातो. तार कोणती छेडली ते बाजूला राहतं आणि तिच्या आत काय हलतंय ते ऐकू यायला लागतं. ‘ऑन लँड’ ऐकायला हाच कान लागतो.

तो कान घेऊन चौथा तुकडा, ‘शॅडो’, लावा. त्यात माणसाच्या श्वासासारखा, किंचित घोगरा, घसरत जाणारा एक आवाज आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो कुणाचा तरी गळा वाटतो. ते ट्रम्पेट आहे, आणि वाजवणारा जॉन हॅसल. हा माणूस १९७०च्या दशकात पंडित प्राणनाथ यांच्याकडे शिकला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य, १९७० साली अमेरिकेत गेले आणि तिथल्या नव्या संगीतकारांना त्यांनी सूर लावायला शिकवलं. हॅसलने त्यांच्या गळ्यातली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, ट्रम्पेटवर आणायचा ध्यास घेतला. किराणा म्हटल्यावर आपल्याला आठवतात ते अब्दुल करीम खाँ, त्यांचं मिरजेतलं वास्तव्य, पुढे सवाई गंधर्व आणि भीमसेन जोशी. एका सुरावर किती वेळ थांबता येतं आणि थांबल्यावर त्यात काय काय दिसतं, हा किराण्याचा पिंड. तुमच्या आजोबांनी रेडिओवर ज्या विलंबित आलापीवर जीव टाकला, तिचाच एक धागा फिरून या इंग्रजी अल्बममध्ये आलाय. त्यामुळे हे संगीत आपल्या कानाला परकं आहे, असं मला कोणी सांगितलं तर मला ते मुळीच पटत नाही.

शेवटच्या ‘डनिच बीच’मध्ये आणखी एक गोष्ट आहे. त्यात मायकेल ब्रूकची गिटार आहे आणि डॅनियल लानवाच्या नावापुढे ‘लाइव्ह इक्वलायझेशन’ असं श्रेय आहे. म्हणजे ध्वनीचा बास-ट्रेबल हाताने, चालू असतानाच, वाद्यासारखा फिरवलाय. आमच्या धंद्यात इक्वलायझर एकदा लावून ठेवायची वस्तू. इथे त्याचीच आलापी केली आहे. तोच स्वर कधी धुक्यात जातो, कधी कडा धरून पुढे येतो. स्वर बदलण्याची वाट बघितली तर काहीच सापडणार नाही. स्वराचा रंग कसा बदलतोय त्यावर कान ठेवला तर एकही क्षण रिकामा जात नाही.

बदल किती सावकाश होऊ शकतो याचा एक नमुना विमानतळाच्या अल्बममध्ये आहे, त्यातल्या ‘२/१’ या तुकड्यात. तीन बायकांनी आणि स्वतः ईनोने एकेक स्वर लांबवून गायला आणि प्रत्येक स्वराची टेप गोल जोडून फिरत ठेवली. त्याने नंतर सांगितलेल्या हिशोबाप्रमाणे एक फेरा साधारण साडेतेवीस सेकंदांचा, दुसरा २५ पूर्णांक ७/८चा, तिसरा ३०ला किंचित कमी. पुढे कुणीच काही केलं नाही, टेपा आपापल्या फिरत राहिल्या. नुसते पहिले दोन फेरे घेतले आणि एकत्र सुरू केले, तर ते पुन्हा तंतोतंत एकत्र यायला ८१ मिनिटं लागतील. तुकडा आहे जेमतेम आठ-नऊ मिनिटांचा. म्हणजे तुम्ही ऐकता ती एकही जुळणी दुसऱ्यांदा येत नाही. एक स्वर निवडा आणि तो दर फेऱ्याला कुणाच्या शेजारी येऊन बसतो तेवढंच बघा. कंटाळा येणार नाही.

ॲपमधलं थोडं: शफल बंद, क्रॉसफेड (एक तुकडा दुसऱ्यात मिसळणं) बंद, जाहिराती येत असतील तर अल्बम विकत घ्या किंवा सीडी मिळवा. सगळ्या तुकड्यांची पातळी एकसारखी करण्याची जी सोय (नॉर्मलायझेशन) असते ती बंदच ठेवा, नाहीतर काही वेळा ती प्रत्येक तुकडा स्वतंत्र धरून हलका तुकडा मोठा करून टाकते आणि तुम्ही लावलेली पातळी बिघडते. स्ट्रीमिंगचा दर्जा सर्वांत वरचा ठेवा. विरत जाणारा घुमारा हा कमी दर्जाच्या फाइलमध्ये सगळ्यात आधी खराब होतो.

पावसाळ्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. पत्र्याच्या शेडखाली मुसळधार पावसात ‘ऑन लँड’ लावू नका, त्याचा जीव हलक्या आवाजांत आहे आणि ते सगळे जातील. कौलांवर रिपरिप असेल तर स्टीव्ह रोचचा ‘स्ट्रक्चर्स फ्रॉम सायलेन्स’ लावा, १९८४चा. सिंथेसायझरचे सावकाश फुलणारे मोठे स्वरसमूह आहेत, पावसात टिकतात. जोराच्या सरींत लाराजीचा ‘डे ऑफ रेडियन्स’, याच मालिकेतला तिसरा, १९८०चा. त्यातलं झिथर हे तंतुवाद्य वरच्या पट्टीत लखलखतं, पावसाच्या वर राहतं. आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकू नका. स्क्वेअर वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर असेल तर त्याची घरघर स्पीकरमध्ये उतरते, आणि या संगीतात ती लपायला जागा नाही. उन्हाळ्यात विजेवरही तशीच घरघर यायला लागली तर अर्थिंग तपासून घ्या. आपली जांभ्याची जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, खड्ड्यात पाणी सोडल्यावर बऱ्याचदा फरक पडतो. खाऱ्या हवेने वायरींची टोकं हिरवी पडतात ती वर्षातून एकदा तरी साफ करा, आणि वापरलेले स्पीकर घेताना कोनाभोवतीची कड रबराची बघा. फोमची कड आपल्या दमट हवेत भुगा होते.

हेडफोनसाठी ठेवलेल्या पैशांत वापरलेला साधा स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर येतील. त्यात एक तिसरा, लहानसा, आठ ओहमचा स्पीकर घाला, कारण ‘ऑन लँड’च्या टिपणात ईनोने स्वतः तीन स्पीकरची जोडणी दिली आहे. हे संगीत आतून अनुभवायचं आहे असं तो म्हणतो, आणि चार स्पीकरची यंत्रणा कुणाकडे नसते म्हणून हा स्वस्त मार्ग सुचवतो. डावा आणि उजवा स्पीकर नेहमीसारखे जोडायचे. तिसऱ्याच्या दोन वायरी ॲम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या, दोन्ही लाल टोकांना जोडायच्या, काळ्याला काहीच नाही. मग दोन्ही बाजूंना सारखं असलेलं सगळं तिसऱ्यात आपोआप कटतं आणि फक्त दोन बाजूंमधला फरक वाजतो. तो फरक म्हणजे मुख्यतः घुमारा, कडेचे आवाज, लांबचे आवाज.

हे फक्त जुन्या पद्धतीच्या, दोन्ही काळी टोकं आतून एकच असलेल्या ॲम्प्लिफायरवर करायचं. हल्लीच्या लहान डिजिटल ॲम्प्लिफायर बोर्डांवर, होम थिएटरवर किंवा ब्लूटूथ स्पीकरवर अजिबात नाही, बोर्ड जळू शकतो. खात्री नसेल तर गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याला मल्टिमीटर लावून बघायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. तिसरा स्पीकर तुमच्या मागे, पहिल्या दोघांपासून जितका लांब जाईल तितका लांब ठेवा. पडवीत बसणार असाल तर माजघराच्या दारात. तो वेगळा वाजतोय असं जाणवलं तर अजून आत सरकवा. वायर काढल्यावर जागा एकदम लहान झाली, तर तो बरोबर ठिकाणी आहे.